ओटीतला भुलीचा वास आणि मर्यादेचा आकडा

प्रश्न: सात रस्त्याजवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये मी ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर आहे. आमची ओटी साधारण १६ बाय १३ फूट, उंची १० फूट. खिडक्या कायमच्या सील केल्या आहेत, एक स्प्लिट एसी आहे. भूल देण्याचं जुनं बॉइल्स मशीन. पेशंटला गॅस पोचवणाऱ्या नळ्यांत मोठ्यांना बेन सर्किट, लहान मुलांना जेआर (जॅक्सन-रीस). नायट्रस (नायट्रस ऑक्साइड), ऑक्सिजन आणि सेव्हो (सेव्होफ्लुरेन) वापरतात. मशीनचा गॅस बाहेर सोडायचा पाइप टेबलाखाली जमिनीवरच पडलेला असतो. टॉन्सिलच्या केसेस लागल्या की दुपारपर्यंत डोकं जड होतं, घरी गेल्यावरही गळून गेल्यासारखं वाटतं. जुन्या सिस्टर म्हणतात, सवय होते. आता आम्ही बाळाचा विचार करतोय. या गॅसची सुरक्षित मर्यादा किती? मास्क लावून भागेल का? सरांना सांगायचं तर नेमकं काय सांगू?
– एक ओटी सिस्टर, सोलापूर

उत्तर: ताई, मास्कनं भागणार नाही. सर्जिकल मास्क असो की एन-९५, दोन्ही कण अडवतात, वायू अडवत नाहीत. एसीची जाळी, हेपा फिल्टर, रात्रीचं फ्युमिगेशन यांतल्या कशाचाही भुलीच्या गॅसवर परिणाम होत नाही. यंत्रमागावरची रुई निदान डोळ्यांना दिसते. हा गॅस दिसत नाही, आणि नायट्रसला तर नावापुरताच गोडसर वास आहे. सेव्होचा वास तुम्हाला जाणवतो तेव्हा हवेतलं प्रमाण शिफारशीच्या मर्यादेच्या कितीतरी पट वर गेलेलं असतं. जुन्या सिस्टर म्हणतात ती सवय नाकाला होते. वास येईनासा झाला म्हणजे गॅस कमी झाला असं मुळीच नाही.

आता मर्यादा. हे आकडे पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे किती भाग, असे सांगतात. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. द्रव सेव्होची वाफ करणाऱ्या व्हेपोरायझरची तबकडी २ वर असते तेव्हा सर्किटमध्ये सेव्हो २०,००० पीपीएम असतो. अमेरिकेच्या निओश या संस्थेनं १९७७ साली शिफारस केली ती अशी: नायट्रस २५ पीपीएम, भूल चालू असतानाच्या वेळेची सरासरी, हॅलोथेनच्या जातीचे गॅस (सेव्हो, आयसोफ्लुरेन याच जातीचे) एकटे वापरले तर कुठल्याही एका तासात २ पीपीएमच्या वर नाही, नायट्रससोबत वापरले तर ०.५. त्याच देशातल्या एसीजीआयएच या संस्थेचा नायट्रसचा आकडा ५० आहे, आठ तासांच्या सरासरीचा. ब्रिटनमध्ये नायट्रस १००, आयसोफ्लुरेन ५०, हॅलोथेन १०, हेही आठ तासांच्या सरासरीचे. आपल्याकडे रसायनांच्या अशा मर्यादा कायद्यानं ठरतात, पण त्या कारखान्यांसाठी. नर्सिंग होमच्या ओटीला आपलं लक्ष्य आपणच ठरवावं लागतं.

एकाच गॅसला कुठे २५ आणि कुठे १००, हे पाहून माणूस गोंधळतो. कारण आकडे वेगवेगळ्या पायावर उभे आहेत. निओशचा २ पीपीएम हा 'यापुढे अपाय होतो' म्हणून ठरलेला नाही. त्या काळच्या मोजणीच्या पद्धतीत खात्रीनं पकडता येणारी सर्वांत खालची पातळी ती होती. नायट्रसच्या २५ मागे स्वयंसेवकांच्या लक्ष आणि हालचालींच्या चाचण्या होत्या, आणि त्या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला. शिवाय १९७७ साली सेव्होफ्लुरेन वापरात नव्हता, म्हणजे त्याला २ चा आकडा लावणं ही आपण घेतलेली खबरदारी आहे. ब्रिटननं वेगळी वाट धरली. प्राण्यांच्या प्रयोगांत ज्या पातळीला अपाय दिसला नाही, तिच्या बऱ्याच खाली रेषा ओढली. हॅलोथेनचा आकडा तिथे कडक आहे, कारण शरीर त्याचं सुमारे २० टक्के विघटन करतं आणि त्याचा यकृतावरचा धोका माहीत आहे. आयसोफ्लुरेनचं विघटन ०.२ टक्क्यांच्या आसपास.

आमचा सल्ला असा की लक्ष्य कडक बाजूचंच धरा, नायट्रस २५ आणि सेव्हो २ (नायट्रससोबत असेल तर ०.५). ही लक्ष्मणरेषा नाही. २४ ला काही होत नाही आणि २६ ला आजार होतो, असा त्याचा अर्थ नाही. पण नीट चालवलेल्या ओटीत हे आकडे गाठता येतात, आणि जे गाठता येतं त्यापेक्षा जास्त गॅस माणसांना हुंगायला लावण्याचं काही कारण नाही.

आकडा वाचताना तो कुठल्या वेळेची सरासरी आहे हे आधी पाहा. टॉन्सिलच्या दिवशी तीन तास भूल चालली, त्या काळात सरासरी १२० पीपीएम नायट्रस होता, उरलेले पाच तास तुम्ही वॉर्डात होतात. आठ तासांवर पसरलं की ४५ येतात. ब्रिटनची मर्यादा पाळली गेली, एसीजीआयएचचीही पाळली गेली, आणि निओशच्या शिफारशीच्या जवळजवळ पाचपट तुम्ही हुंगलात! तिन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. दुसरं असं की दोन गॅस एकत्र असले तर प्रत्येकाला त्याच्या मर्यादेनं भागून बेरीज करायची, ती १ च्या आत हवी. नायट्रस ५० पैकी ३० आणि आयसोफ्लुरेन ५० पैकी २५ असेल तर ०.६ अधिक ०.५, म्हणजे १.१. एकेक पाहिलं तर दोन्ही पास, मिळून नापास.

तुम्ही दिलेल्या मापांवरून तुमच्या ओटीचा हिशेब मांडता येतो. खोलीचं आकारमान जवळपास ६० घनमीटर, म्हणजे ६०,००० लिटर. नायट्रस मिनिटाला ३ लिटर सुरू असेल आणि मशीनचा पाइप खोलीतच सुटत असेल, तर दर मिनिटाला खोलीच्या सरासरीत ५० पीपीएमची भर पडते. एका मिनिटात निओशच्या मर्यादेच्या दुप्पट. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच हवा थंड करून फिरवत राहतो. बंद खोलीत दाराच्या फटींतून वगैरे तासाला अर्धी खोली हवा बदलते असं धरलं, तर तासाभरात नायट्रस २,३०० पीपीएमच्या पुढे जातो. गॅस बंद केल्यावर तो निम्मा व्हायला ८० मिनिटांहून जास्त लागतात, आणि २५ च्या खाली यायला नऊ तास. दुपारच्या लिस्टचा गॅस रात्रीच्या इमर्जन्सी सीझरला खोलीत हजर असतो. ही खोलीची सरासरी झाली; पेशंटच्या डोक्याशी उभं राहणाऱ्याच्या नाकाशी आकडा याहून जास्त असतो.

सेव्होचंही तसंच. एकूण ६ लिटरच्या प्रवाहात २ टक्के म्हणजे मिनिटाला १२० मिली वाफ. बाळाला मास्कवर झोपवताना ८ टक्के लावून सर्किट आधी भरून घेतात. तेव्हा मिनिटाला ४८० मिली वाफ सरळ खोलीत जाते आणि एका मिनिटात खोलीभर ८ पीपीएम होतात. व्हेपोरायझर भरताना फक्त १ मिली सेव्हो टेबलावर सांडला तरी त्याची सुमारे १८० मिली वाफ होते. तेवढ्यानं ही अख्खी खोली ३ पीपीएमला पोचते.

सरांना सांगताना हाच क्रम धरा: आधी गॅस कमी सोडा, सुटलेला पकडा, आणि उरलेल्यासाठी ताजी हवा द्या. बहुतेक जण उलट्या टोकाकडून, एक्झॉस्ट फॅनपासून सुरुवात करतात. ६० घनमीटरच्या खोलीत तासाला दहा वेळा बाहेरची ताजी हवा खेळवली, तरी ३ लिटर नायट्रस मोकळा सुटत असेल तर खोली ३०० पीपीएमवर स्थिरावते. नुसत्या हवेनं नायट्रस कधीच आटोक्यात येत नाही. त्यात एक्झॉस्ट फॅन ओटीत उणा दाब तयार करतो, दाराखालून पॅसेजची धूळ आत ओढतो, आणि जखमेच्या संसर्गाची वेगळीच डोकेदुखी उभी राहते. ओटीत दाब बाहेरपेक्षा जास्तच असायला हवा. म्हणून फिल्टर लावलेली ताजी हवा पंख्यानं आत ढकलायची आणि जास्तीची हवा पेशंटच्या डोक्याकडच्या भिंतीत, खालच्या बाजूच्या झडपेतून बाहेर जाऊ द्यायची.

पहिली पायरी, नायट्रस बंद करता येईल का हे भूलतज्ज्ञांना विचारा. हर्निया, अपेंडिक्स, सीझर बहुतांशी स्पायनलवर, म्हणजे पाठीतल्या इंजेक्शनच्या भुलीवर, होतात. बाकीच्यांत नायट्रसचं काम वेदनाशामक इंजेक्शन आणि नसांचे ब्लॉक करू शकतात. नायट्रस गेला की अर्ध्याहून जास्त प्रश्न तिथेच सुटतो. मात्र हा निर्णय त्यांचा आहे. तुम्ही विषय काढायचा.

दुसरी, प्रवाह. बेन सर्किटला जास्त प्रवाह लागतोच, ती त्याची रचना आहे. कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमच्या डब्याचं क्लोज सर्किट वापरलं तर सुरुवातीची दहाएक मिनिटं सोडून १ लिटरवर येता येतं. सरांना पटेल असा हिशेब इथे आहे. ६ लिटर आणि २ टक्के म्हणजे तासाला जवळपास ४० मिली द्रव सेव्हो, २५० मिलीची बाटली सहा तासांत संपते. १ लिटरवर तासाला साडेसहा-सात मिली, तीच बाटली ३५ तासांच्या पुढे जाते. त्या बचतीतून बाकीची दुरुस्ती निघेल. पण ऑक्सिजन अ‍ॅनलायझर आणि गॅस मॉनिटर नसलेल्या बॉइल्सवर कमी प्रवाह चालवू नये; पेशंटला प्रत्यक्ष किती ऑक्सिजन आणि किती सेव्हो मिळतोय, ते तबकडीवरून कळत नाही. सोडा लाइम रंग बदलला की बदलायचा, वाळलेला वापरायचा नाही.

तिसरी, पाइप. जमिनीवर सोडलेला पाइप असून नसल्यासारखा, आणि ट्रॉलीचं चाक त्यावर चढलं तर पेशंटच्या फुप्फुसात दाब वाढतो. बेनच्या एपीएल व्हॉल्व्हला, म्हणजे जादा गॅस सोडणाऱ्या झडपेला, गॅस गोळा करणारं टोपण लागतं, त्याचं तोंड ३० मिमीचं असतं. श्वासाच्या नळ्यांचं २२ मिमीचं. ही मापं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत, चिकटपट्टी गुंडाळून जुळवू नका. तिथून रुंद नळी, मधे दाब सांभाळणारा इंटरफेस, आणि मग भिंतीतून थेट बाहेर. नळी आखूड, कमी वळणांची. बाहेरचं तोंड खाली वळवलेलं, जाळी लावलेलं, शेजारच्या खिडकीपासून आणि ताज्या हवेच्या तोंडापासून लांब. वारा उलटा आला की अशी साधी नळी कमी खेचते. नेहमी भरवशाचं काम हवं असेल तर खेचणारा वेगळा पंप बसवावा. सर्जिकल सक्शनची नळी व्हॉल्व्हला थेट जोडणं हा यातला सर्वांत धोक्याचा जुगाड आहे. ती पेशंटच्या सर्किटमधली हवाच ओढून घेते. मधे इंटरफेस हवाच.

बसवल्यावर तपासायचं असं: क्लोज सर्किटचं पेशंटकडचं वाय तोंड बंद, एपीएल पूर्ण उघडा, ऑक्सिजन फ्लश दाबा. दाबमापक १० सेंमी पाण्याच्या वर जाता कामा नये. मग प्रवाह अगदी कमी करून खेचणारा पंप सुरू ठेवा. काटा शून्याजवळ राहिला पाहिजे, उण्यात जायला नको. या दोन चाचण्या पास झाल्याशिवाय पेशंटला जोडू नका.

जेआरच्या शेपटीकडून उघड्या पिशवीतून सगळा गॅस तुमच्या तोंडावर येतो, तुमच्या टॉन्सिलच्या दिवसांचं मूळ बहुधा तेच. शेपटीला व्हॉल्व्ह आणि गॅस गोळा करणारं तोंड असलेली पिशवी मिळते, ती मागवा. आणखी एक चोरवाट कुणाच्या लक्षात येत नाही, ती मॉनिटरची. श्वासाचा नमुना खेचणारा कॅप्नोग्राफ मिनिटाला २०० मिलीपर्यंत गॅस ओढतो आणि मागच्या तोंडातून खोलीत सोडतो. त्यात निम्मा नायट्रस असेल तर तुमच्या बंद ओटीत तेवढ्यावरच हळूहळू २०० पीपीएम जमतात. मागच्या त्या तोंडाला बारीक नळी लावून ती गॅस गोळा करणाऱ्या नळीत सोडायची, एवढंच काम.

कोळशाचा डबा विकायला कुणी आलं तर ध्यानात ठेवा: सक्रिय कोळसा सेव्हो, आयसो, हॅलोथेन धरतो, नायट्रस अजिबात नाही. डबा भरला की नाही ते वजनावरून कळतं, म्हणून पहिल्या दिवशी वजन त्यावर लिहून ठेवायचं.

गळती दर आठवड्याला पाहा. क्लोज सर्किटचं वाय तोंड आणि एपीएल बंद करून सर्किट ३० सेंमी पाण्यापर्यंत फुगवा, मग तो दाब टिकवायला किती ऑक्सिजन लागतो ते फ्लोमीटरवर बघा. मिनिटाला १०० मिलीच्या आत हवा. जास्त लागला तर साबणाचा फेस लावत जा: सोडा लाइमच्या डब्याची गॅस्केट, व्हेपोरायझरचं भरायचं तोंड, पिशवीच्या मानेवरच्या भेगा, सिलिंडर बसतो तिथली बोडोक सील. नायट्रसच्या गेजवर विसंबू नका. आत द्रव शिल्लक असेपर्यंत काटा जागचा हलत नाही, सिलिंडर गळत असला तरी. सिलिंडर उघडा, काटा वाचा, सिलिंडर बंद करा आणि बघत राहा. काटा पडला तर मशीनमध्ये गळती आहे. सिलिंडरात किती शिल्लक आहे ते वजनावरूनच ठरवा. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये सिलिंडर ठेवू नका: ३६.५ अंशांच्या वर नायट्रस द्रवरूपात राहतच नाही, आतला दाब चढत जातो.

हाताच्या सवयी फुकटच्या आहेत आणि बऱ्याच उपयोगी. मास्क चेहऱ्यावर नीट बसल्याशिवाय गॅस सुरू करायचा नाही. श्वासनलिकेत ट्यूब घालताना प्रवाह बंद, व्हेपोरायझर नुसता बंद करून पुरत नाही. शेवटी ट्यूब काढण्याआधी काही मिनिटं १०० टक्के ऑक्सिजन, पिशवी रिकामी करायची तीही गोळा करणाऱ्या नळीतच. व्हेपोरायझर लिस्ट संपल्यावर भरायचा, ओटीत तुमच्याशिवाय कुणी नसताना, चावीचं फिलर वापरून. रिकव्हरीत पेशंट गॅसच बाहेर सोडत असतो. चेहऱ्यावर वाकून हाक मारण्याऐवजी बाजूनं उभं राहा. ती खोलीही बंद असेल तर तिथल्या मावशींचाही विचार करा.

हे सगळं झालं की ताज्या हवेचा बोजा हलका होतो. नायट्रस नाही, सेव्हो १ लिटरवर २ टक्के, नळीनं दहापैकी नऊ भाग पकडले, तर तासाला चार वेळा ताजी हवा दिली तरी खोलीत अर्धा पीपीएम राहतो. तेवढी बाहेरची हवा ४२ अंशांवरून २४ वर आणायला अर्ध्या टनाच्या आतली जादा थंडाई लागते. दहा वेळा द्यायची तर एक टन. सर एसीच्या बिलाचं म्हणतील तेव्हा हा फरक दाखवा.

मोजणीसाठी कॉलरला लावायचे बॅज असतात, नायट्रसचा वेगळा आणि सेव्होचा वेगळा. आधी कुठली लॅब ते तपासून देईल हे ठरवा, मग मागवा. सर्वांत गर्दीच्या दिवशी, नाकापासून फूटभर अंतरात, पूर्ण वेळ लावा; सुरू आणि बंद केल्याची वेळ, किती केसेस, कुठलं सर्किट हे लिहा; एक बॅज तुलनेसाठी न उघडता सोबत पाठवा. दुरुस्तीपूर्वी एकदा आणि नंतर एकदा मोजलं तर काय बदललं ते कळेल.

आता तुमचा खरा प्रश्न. १९६७ साली सोव्हिएत संघातल्या भूलतज्ज्ञ स्त्रियांच्या पाहणीत ३१ गर्भधारणांपैकी १८ गर्भपात आढळले, आणि जगभर चिंता सुरू झाली. त्या पाहणीत तुलनेचा गटच नव्हता, म्हणून तिच्यावर जास्त भार देऊ नये. त्याहून उपयोगी काम १९९२ चं आहे, अमेरिकेतल्या डेंटल असिस्टंट स्त्रियांचं. गॅस पकडण्याची सोय नसलेल्या ठिकाणी आठवड्याला पाच तास किंवा जास्त नायट्रसमध्ये काम करणाऱ्यांना दर महिन्याला गर्भ राहण्याची शक्यता इतरांच्या निम्म्याहून कमी होती. सोय असलेल्या ठिकाणी असा फरक दिसला नाही. नायट्रस शरीरातल्या बी-१२ ला निकामी करतो, आणि गर्भाच्या वाढीला ते लागतं. म्हणून रक्तातलं बी-१२ आत्ताच तपासा, शाकाहारी असाल तर नक्कीच, आणि फोलिक अ‍ॅसिड आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून आत्तापासून सुरू करा. डोकं जड होण्याचं कारण गॅसच असेल असं नाही; हिमोग्लोबिन आणि रक्तदाबही बघून घ्या.

पाइप बाहेर जाईपर्यंत जेआर आणि मास्कवरच्या केसेसना तुमची ड्यूटी नको, स्पायनलच्या केसेस चालतील. सरांकडे हे आत्ता, दिवस राहण्याआधी मागा, कारण गर्भाचे अवयव घडतात ते पहिले आठवडे बहुतेकींना कळण्याआधीच सुरू झालेले असतात. मातृत्व लाभाच्या तरतुदींतली कामातून सूट प्रसूतीच्या अगदी शेवटच्या काही आठवड्यांसाठी आहे, या सुरुवातीच्या काळात ती तुमच्या कामी येत नाही. अर्ज लेखी द्या, त्यात ओटीची मापं, पाइप कुठे सुटतो आणि कुठल्या केसेसना त्रास होतो एवढंच लिहा, आणि पोच घेतलेली प्रत जवळ ठेवा.